राखण आणि तिची किंमत

एखाद्या गोष्टीचे रक्षण करावयाचे म्हणजे तिला कोणाचा हात लागू द्यावयाचा नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दागिना पेटीत ठेवावा, दस्तऐवज कपाटात ठेवावा आणि अरण्याला कुंपण घालावे. दागिन्याच्या व दस्तऐवजाच्या बाबतीत ही समजूत बहुधा खरी ठरते. जिवंत गोष्टींच्या बाबतीत ती कितपत खरी आहे? आणि ती चुकीची ठरली, तर त्या चुकीची किंमत कोणी भरावयाची? हे प्रश्न केवळ वनखात्याचे नाहीत; ते नीतीचे आहेत. त्यांचा विचार हवेत करण्यापेक्षा एका ठिकाणाचा इतिहास समोर ठेवून केलेला बरा, म्हणून राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण येथे घेतले आहे.

हे उद्यान आकाराने लहान आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील चारपाच गावांची शिवारे एकत्र केली तर भरेल एवढे. त्यातील एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग पाणथळ आहे. चांगला पाऊस झाला की पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे व चमचे यांची घरटी एकाच झाडावर मजल्यामजल्याने लागतात, आणि हिवाळ्यात मध्य व उत्तर आशियातून हजारो बदके व हंस येथे उतरतात. साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद येथे झाली आहे. १९८१ मध्ये रामसर कराराच्या यादीत आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या स्थळाचा समावेश झाला. एवढे वाचून कोणाच्याही मनासमोर मनुष्याचा स्पर्श न झालेल्या आदिम निसर्गाचे चित्र उभे राहील.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ही पाणथळ मनुष्याने घडविली आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराला आवर घालण्यासाठी अठराव्या शतकात, राजा सूरजमल याच्या काळात, अजान बांध घातला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतपूरच्या राजांनी त्या सखल भागात लहान बांध, चर व पाणी सोडण्याची दारे करून पाणी खेळविले, ते बदकांच्या शिकारीसाठी. तेथील केवलादेवाच्या देवळाजवळ एका शिळेवर या शिकारींच्या नोंदी कोरून ठेवल्या आहेत. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, असे ती शिळा सांगते. हा आकडा वाचून मन विषण्ण होते. परंतु राजांना शिकारीची हौस नसती तर ते तळे राहिलेच नसते, हेही नाकारता येत नाही. वाईट हेतूने केलेल्या कामातून चांगले निपजते तेव्हा आपण ते कोणाच्या खात्यावर मांडावे, हा स्वतंत्र विषय आहे; येथे त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जातो.

राजांच्या शिकारीच्या त्या सर्व काळात भोवतालच्या गावांची गुरे व म्हशी याच पाण्यात व कुरणांत चरत होत्या. गावकरी तेथून गवत नेत, सरपण नेत, वाळ्याची मुळे खणून नेत. स्वातंत्र्यानंतर तळे कोरडे करून ती जमीन शेतीसाठी द्यावी अशी मागणी पुढे आली. ही मागणी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही, कारण भोवती जमिनीची भूक मोठी होती. तळे वाचले याचे बरेचसे श्रेय डॉ. सलीम अली या मुंबईकर पक्षिशास्त्रज्ञाकडे जाते. राजांचा शिकारीचा हक्क १९७२ मध्ये संपला, आणि १९८१-८२ च्या सुमारास या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भोवती भिंत उभी राहिली.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आपल्या देशातील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास परवानगी नाही. अभयारण्यात ती काही अटींवर देता येते, उद्यानात नाही. भरतपूरला त्या काळी सुमारे अडीच हजार गुरे व म्हशी चरत असत. १९८२ च्या नोव्हेंबर महिन्यात ही चराई एकाएकी बंद करण्यात आली. गुरे चरली की पक्ष्यांचे अन्न कमी होते, घरट्यांना त्रास होतो, पाणी गढूळ होते, असा त्यामागचा विचार होता, आणि सलीम अलींसारख्या जाणकारांनीही बंदीचा पक्ष घेतला होता. गुरे दुसरीकडे न्यावीत तर कोठे न्यावीत, याचे उत्तर कोणी दिले नव्हते. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात काही गावकरी मरण पावले. किती, याचा आकडा निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळा दिला आहे. १९३८ च्या एका दिवसात किती पक्षी पडले हे शेवटच्या अंकापर्यंत दगडावर कोरलेले आहे. १९८२ मध्ये किती माणसे पडली याबद्दल मात्र पुस्तकांचे एकमत नाही.

योगायोगाने त्याच काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली उद्यानाचा अभ्यास करीत होते. हा अभ्यास १९८० ते १९९० असा दहा वर्षे चालला. त्याचा जो निष्कर्ष निघाला तो बंदीच्या पुरस्कर्त्यांनी अपेक्षिला नव्हता. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचे पाणगवत अनिर्बंध वाढले. उघडे पाणी झाकले गेले. बदकांना उतरण्यास व पोहण्यास, मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना भक्ष्य शोधण्यास मोकळे पाणी लागते. ते आक्रसत गेले. कुजलेल्या गवताचे थर साचून तळे उथळ होऊ लागले. म्हैस गवत खात होती, तुडवीत होती, पाण्यात डुंबून वाटा मोकळ्या ठेवीत होती. पक्ष्यांची शत्रू म्हणून जिला बाहेर काढले ती त्यांच्या घराची झाडलोट करीत होती, असे अभ्यासाअंती दिसून आले. मर्यादित प्रमाणात म्हशी पुन्हा चरू द्याव्यात असे या अभ्यासकांचे मत पडले. परंतु राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात त्याला जागा नव्हती. गवत यंत्रांनी व मजुरांकरवी काढण्याचे प्रयत्न झाले. पुढे गावकऱ्यांना गवत कापून डोक्यावरून नेण्याची मुभा मिळाली. म्हशीला मात्र मिळाली नाही.

प्रा. माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनात या उदाहरणाचा पुनःपुन्हा निर्देश केला. आघापूर या जवळच्या गावच्या लोकांचे एक म्हणणेही त्यांनी नोंदविले: वाळ्याची मुळे खणली जात तेव्हा जमीन भुसभुशीत राही, आणि सायबेरियाहून येणाऱ्या क्रौंचांना चिखलातील कंद उकरून खाणे सोपे जाई, खणणे थांबले तशी जमीन कठीण झाली. क्रौंच कमी होण्याचे हेच कारण होते असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्यांच्या वाटेवर अफगाणिस्तान व पाकिस्तान या देशांत त्यांची शिकारही होत होती. १९६० च्या दशकात शंभराहून अधिक क्रौंच भरतपूरला हिवाळा काढीत. २००१-०२ च्या हिवाळ्यात एकच जोडी आली, आणि त्यानंतर कोणी आले नाही. तथापि गावकऱ्यांचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे होते, आणि ते त्यांना बंदीपूर्वी कोणी विचारले नाही, एवढे निश्चित.

या ठिकाणी शास्त्रातील एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त होईल. हॉलिंग या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये 'रिझिलियन्स' ही कल्पना परिस्थितिशास्त्रात मांडली. तिला मराठीत काय म्हणावे? पाठ्यपुस्तकांतील 'स्थितिस्थापकता' हा शब्द रबराला व स्प्रिंगला योग्य आहे: ताणावे, सोडावे, पूर्ववत व्हावे. 'लवचिकता' जवळ जातो, परंतु त्यात केवळ वाकण्याचा भाव आहे. हॉलिंग यांचे म्हणणे असे की, एखादी परिसंस्था वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहते म्हणून ती बळकट आहे असे नव्हे. पूर, दुष्काळ, वणवा, चराई असे धक्के पचवून जी आपले मूळ रूप सोडीत नाही, ती खरी बळकट. मी तरी तिला 'सावरण्याचे बळ' म्हणेन. आणि हे बळ बहुधा विविधतेतून येते: एका जातीचे काम अडले तर दुसरी ते उचलते. भरतपूरला राजांच्या काळापासून पूर, दुष्काळ आणि म्हशी या तिघांची सवय होती. त्यांपैकी एकाला काढले तेव्हा तळे अधिक नैसर्गिक झाले नाही. ते अधिक दुबळे झाले.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हा सर्व अज्ञानाचा दोष होता, आणि अज्ञान हे पाप नव्हे. हे म्हणणे अर्धे खरे आहे. १९८२ मध्ये म्हशींचे कार्य कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. सलीम अलींचा हेतू शुद्ध होता आणि त्यांचे ज्ञान त्या काळी देशात कोणाहून कमी नव्हते. निसर्गाच्या बाबतीत पूर्ण ज्ञानाची वाट पाहत बसलो तर रक्षण करण्यासारखे काही उरणार नाही. अंदाजावर काम करणे भागच असते. प्रश्न अंदाज करण्याचा नाही. आपला अंदाज चुकला तर त्याचे ओझे कोणावर पडेल, हा आहे. भरतपूरला अंदाज चुकल्याने शास्त्रज्ञाच्या घरचे दूध बंद झाले नाही, अधिकाऱ्याच्या मुलाला गोळी लागली नाही. अंदाज एकांचा आणि जोखीम दुसऱ्यांची, अशी ती विभागणी होती. अंदाज बरोबर निघाला असता तरी ही विभागणी न्यायाची झाली नसती. तो चुकला म्हणून ती आपल्या डोळ्यांत आली, इतकेच. दहा वर्षांनी अहवाल सुधारता येतो. मेलेल्या माणसाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून जेथे केलेली गोष्ट परत फिरविता येणार नाही आणि तिचा भार दुर्बलांवर पडणार आहे, तेथे पुराव्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर असली पाहिजे, असे माझे मत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनहक्कधारकांच्या बाबतीत हेच तत्त्व निदान कागदावर स्वीकारले आहे: लोकांच्या राहण्याने प्राण्यांची अपरिमित हानी होते आणि एकत्र नांदण्याचा दुसरा मार्ग नाही, हे आधी सिद्ध करावे, आणि ग्रामसभेची संमती घ्यावी.

भाषांतराच्या कामात अशी एक गोष्ट नजरेस येते, जी या विषयाशी संबंधित आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवण्याचे जे कारण दिले आहे, त्यासाठी मूळ इब्री भाषेत दोन क्रियापदे येतात, अबद आणि शामर. मराठीत त्यांना मशागत आणि राखण म्हटले आहे. अबद या धातूचा अर्थ कष्ट करणे आणि सेवा करणे असा दोन्ही आहे. म्हणजे बागेत मनुष्याची नेमणूक कुलूप लावून बाहेर उभे राहणाऱ्या पहारेकऱ्याची नाही. ज्याचे हात त्याच मातीत आहेत अशा चाकराची आहे. दुसरे क्रियापद त्याहून महत्त्वाचे. दोनच अध्यायांनंतर, हाबेल कोठे आहे असे विचारले असता काइन जो उद्धट प्रतिप्रश्न करतो, त्यात राखणदार या अर्थी याच शामर धातूचा शब्द आहे. मराठी वाचकाच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरणे आपल्या भाषेच्या वळणाला नेहमीच साधत नाही. परंतु मूळ वाचणाऱ्याला बागेची राखण आणि भावाची राखण हे एकच काम ऐकू येते. पहिल्याच्या नावाने दुसरे सोडून देता येत नाही.

मात्र याच शब्दाची दुसरी बाजू लपविणे योग्य नाही. भावाची राखण हा शब्द पुढे करून बाग मोडणारेही पुष्कळ आहेत. भरतपूरची भिंत नसती तर त्या २९ चौरस किलोमीटरांत आज काय असते, याची कल्पना करण्यास शहराच्या वाढलेल्या वस्तीकडे पाहणे पुरे. उद्यानात सायकलरिक्षा चालविणाऱ्या स्थानिक लोकांनी पक्ष्यांची ओळख शिकून घेतली आणि त्यावर त्यांची कुटुंबे चालली. तळे शेतात गेले असते तर हे झाले नसते. भिंत नको असे म्हणणे सोपे आहे. भिंतीला दार कोठे असावे आणि ते कोणासाठी उघडावे, हे ठरविणे कठीण आहे. अनुवादाच्या पुस्तकातील पक्षिणीविषयीचा नियम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वाटेत घरटे आढळले तर पिले घेण्यास तेथे मनाई नाही. मादीला मात्र सोडून द्यावयाचे आहे. घरट्याला हातच लावू नका असे तो नियम म्हणत नाही, आणि सर्व काही न्या असेही म्हणत नाही. भरतपूरला १९८२ मध्ये अशा मधल्या नियमाचा शोधही घेतला गेला नाही.

प्रश्न चराईवर थांबला असता तर बरे झाले असते. पण उद्यानाभोवतीचा प्रदेशच बदलत गेला. गंभीर नदीवर, वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. तेथील शेतकऱ्यांनी आपले पाणी खाली सोडण्यास विरोध केला. उद्यानाला वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते असे मानले जाते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षांत त्याचा लहानसा अंशही पोहोचेना. पाणथळ सुकली, घरटी लागेनाशी झाली, आणि कोरड्या जमिनीवर वेडी बाभूळ पसरली. कूपनलिकांचे पाणी सोडून पाहिले. परंतु पुराच्या पाण्याबरोबर माशांचे बीज येते ते कूपनलिकेतून येत नाही, आणि माशांवाचून चित्रबलाक पिले वाढवीत नाही. पुढे गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी नळाने आणण्याची योजना २०१२ च्या सुमारास पुरी झाली. चंबळ नदीचेही पाणी काही प्रमाणात मिळू लागले. म्हणजे जे तळे नदीच्या पुरावर जगत होते ते आता नळावर जगते.

येथे आपली मघाची कसोटी पुन्हा लावून पाहावी. करौलीचा शेतकरीही गरीब आहे. त्याच्या पिकाचे पाणी काढून बदकांना द्यावे असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तोच प्रश्न उलटही विचारता येतो. पक्ष्यांचा त्या पाण्यावर काहीच हक्क नाही काय? ईयोबाच्या ग्रंथात, जेथे एकही मनुष्य राहत नाही अशा रानावर पडणाऱ्या पावसाचा उल्लेख येतो, आणि तो मनुष्याचा गर्व उतरविण्यासाठीच येतो. मला वाटते, पक्ष्यांचा हक्क मान्य करावयाचा असेल तर त्याचा खर्च सर्वांनी उचलला पाहिजे. जागतिक वारसा म्हणून ज्याचा गौरव होतो त्याचे पाणी एका तालुक्याच्या कालव्यातून काढणे आणि भरपाईविषयी मौन पाळणे, ही पुन्हा तीच १९८२ ची विभागणी होय; फरक इतकाच की यावेळी शेतकऱ्यांची संख्या आणि मते अधिक असल्यामुळे तळे हरले. जेथे गावकरी दुर्बल होते तेथे ते हरले, जेथे पक्षी दुर्बल होते तेथे पक्षी हरले. यात निसर्गप्रेमही नाही आणि लोकप्रेमही नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, ज्याला लोक महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात आणि ज्याचा २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून समावेश झाला, तेही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले आहे. तेथेही पाणी शेतीसाठी अडविले गेले आणि पक्षी मागाहून आले. साचणारा गाळ, पाणवनस्पती, काठावरची शेती, मासेमारी या सर्वांचा हिशेब तेथेही मांडावा लागणार आहे, आणि तो कोणाला बरोबर घेऊन मांडला जातो हे पाहावे लागेल.

भरतपूरला २००७ नंतर एक वेगळी गोष्ट घडली. वेडी बाभूळ काढण्यासाठी भोवतालच्या गावांतील लोकांना उद्यानात घेण्यात आले. त्यांनी ती मुळासकट खणावयाची आणि मिळेल ते लाकूड घरी न्यावयाचे, अशी व्यवस्था ठरली. सरकारला मजुरी द्यावी लागली नाही, गावांना सरपण मिळाले, आणि कित्येक हेक्टर जमीन मोकळी झाली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना त्या भिंतीच्या दारातून मागे लोटले होते, त्यांच्याच गावची माणसे कुदळी घेऊन त्याच दारातून आत गेली. वेडी बाभूळ मात्र चिवट असते; मूळ राहिले की पुन्हा फुटते, आणि त्यामुळे त्या माणसांना दरवर्षी आत बोलवावे लागणार आहे.